व्हीपीएनची मोठी परवानगी कुठल्या पानावर असते?

स्टेशनवरच्या आणि कॅफेतल्या मोफत वायफायबद्दल मागच्या अंकात लिहिलं, त्यात व्हीपीएनचा, म्हणजे फोनची इंटरनेटवरची ये-जा आधी स्वतःच्या सर्व्हरवरून नेणाऱ्या सेवेचा, उल्लेख ओझरता होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे: हे ॲप माझ्या फोनात नक्की काय काय करू शकतं? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत. फोनच्या कंपनीनुसार मेनूतली नावं थोडी इकडची तिकडे होतात. नाव सापडलं नाही, तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘व्हीपीएन’ टाइप करा, नेमकं पान समोर येईल.

प्रश्न : माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये एक मोफत व्हीपीएन आहे. त्याच्या परवानग्या उघडल्या तर ‘नो पर्मिशन्स’ एवढंच दिसतं. कॅमेरा, लोकेशन, संपर्क, काहीच मागितलेलं नाही. म्हणजे ॲप निर्धोकच ना? (सांगली)

परवानग्यांच्या त्या पानावर कॅमेरा, माइक, लोकेशन, संपर्क, एसएमएस अशा गोष्टींचा हिशेब असतो. व्हीपीएनची मुख्य परवानगी तिथे येतच नाही. ॲप पहिल्यांदा सुरू करताना एक चौकट आली असेल: हे ॲप व्हीपीएन जोडणी उभारू पाहतंय, त्यातून त्याला नेटवर्कवरची सगळी ये-जा पाहता येईल, भरवसा असेल तरच होकार द्या. बहुतेक जण न वाचता ‘ओके’ दाबतात. तो ओके या ॲपला दिलेला सगळ्यात मोठा अधिकार आहे, आणि तो एकदाच विचारला जातो. पुढे ॲप हवं तेव्हा, न विचारता जोडणी करू शकतं.

तो पाहायचा तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, व्हीपीएन असं जा. सॅमसंगमध्ये हेच पान कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्ज यांच्या आत आहे. तिथल्या यादीत ज्या ॲपचं नाव आहे, त्याला तुम्ही कधीतरी होकार दिलेला आहे. वर्षभर न उघडलेली दोन-तीन नावं तिथे सापडली तर नवल नाही. नावापुढच्या दातेरी चाकावर बोट ठेवलं की ‘फर्गेट व्हीपीएन’ येतं. ते दाबलं की होकार रद्द. ॲप फोनमध्ये राहतं, पण पुढच्या वेळी त्याला पुन्हा ती चौकट दाखवावी लागते. न वापरलेल्या ॲप्सच्या परवानग्या अँड्रॉइड ११ पासून आपोआप काढल्या जातात खऱ्या, पण व्हीपीएनच्या यादीसाठी त्यावर विसंबू नका. ती हातानेच साफ करा.

आता या होकाराने दिसतं काय? बँकेचं ॲप आणि बँकेचा सर्व्हर यांच्यातला मजकूर कुलूपबंद असतो, त्यामुळे शिल्लक किंवा पासवर्ड व्हीपीएनवाल्याला वाचता येत नाही. पण कोणत्या बँकेशी, किती वाजता, किती वेळ संपर्क झाला हे त्याला कळतं. कोणती साइट, कोणतं ॲप, किती डेटा, हेही. महिनाभराच्या अशा नोंदींतून माणसाची नोकरी, आजारपण, कर्ज, रात्रीची जागरणं यांचा बराच अंदाज बांधता येतो. व्हीपीएन नसताना हीच माहिती मोबाइल कंपनीला दिसत असते. ती कुणाला दिसावी, एवढाच बदल आपण करतो. म्हणून मोफत ॲपच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की सर्व्हरचा खर्च कोण भरतंय.

याचं गाजलेलं उदाहरण ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’चं. ओनाव्हो ही इस्रायली कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये घेतली. ॲपची जाहिरात संरक्षणाची होती, प्रत्यक्षात लोक कोणती ॲप्स किती वापरतात याची माहिती त्या वाटेने फेसबुककडे जात होती. ॲपलने ऑगस्ट २०१८ मध्ये ते आपल्या स्टोअरमधून काढायला लावलं, २०१९ मध्ये ते बंदच झालं, आणि जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने या प्रकरणी फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

प्रश्न : मी पैसे भरून व्हीपीएन घेतलं आहे. ते लोकेशन मागतं, तेही ‘नेहमी’. लपण्यासाठी घेतलेल्या ॲपला माझा ठावठिकाणा कशाला हवा? बाकी कोणत्या परवानग्या द्याव्यात, कोणत्या नाकाराव्यात? (ठाणे)

विचित्र वाटतं, पण यामागे बऱ्याचदा खरं कारण असतं. ‘अनोळखी वायफायला जोडलं की व्हीपीएन आपोआप सुरू’ अशी सोय अनेक ॲप्समध्ये असते. त्यासाठी आपण कोणत्या वायफायवर आहोत हे ॲपला कळायला हवं, आणि अलीकडच्या सगळ्या अँड्रॉइडमध्ये वायफायचं नाव वाचायचं तर लोकेशनची परवानगी लागते, कारण वायफायच्या नावावरून जागा ओळखता येते. ही सोय पडद्यामागे चालायची, म्हणून ‘नेहमी’. सोय नको असेल तर लोकेशन सरळ नाकारा. व्हीपीएनचं मूळ काम अडत नाही. सोय हवीच असेल, तरी त्यापेक्षा सोपा मार्ग आहे: व्हीपीएन कायम चालू ठेवा, मग वायफाय ओळखण्याची गरजच उरत नाही.

‘जवळचा सर्व्हर शोधण्यासाठी लोकेशन द्या’ असं कुणी म्हणत असेल, तर ते कारण लंगडं आहे. साधारण शहर आयपी पत्त्यावरूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरूनच कळतं.

हेही लक्षात ठेवा की व्हीपीएन फक्त आयपी पत्ता झाकतं, जीपीएस नाही. नकाशाच्या किंवा टॅक्सीच्या ॲपला लोकेशन दिलेलं असेल, तर सर्व्हर नेदरलँडचा असला तरी त्या ॲपला तुम्ही नौपाड्यात उभे आहात हे दिसतंच.

आता बाकीच्या परवानग्या. कॅमेरा एका ठिकाणी रास्त आहे: वायरगार्डसारख्या, जोडणीचा तपशील आपणच भरायच्या व्हीपीएन ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून जोडणी भरायची असते तेव्हा. तिथे ‘फक्त या वेळी’ निवडा. नोटिफिकेशनची परवानगी अँड्रॉइड १३ पासून वेगळी विचारली जाते, ती द्या. जोडणी तुटली तर तीच सांगते. जोडणीची फाइल आत घ्यायला स्टोरेजची परवानगी लागत नाही, फोनची स्वतःची फाइल निवडण्याची खिडकी पुरते. संपर्क, एसएमएस, कॉल लॉग, माइक, कॅलेंडर यांचा व्हीपीएनशी काडीचा संबंध नाही. यातलं काहीही मागणारं ॲप नुसतं नाकारून ठेवू नका, काढूनच टाका. मागणं हाच पुरावा समजा.

दुसरी एक जागा लोक पाहत नाहीत: सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस. इथे ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’, ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’, ‘युसेज ॲक्सेस’, ‘डिव्हाइस ॲडमिन’ अशा खोल्या आहेत. ॲक्सेसिबिलिटी वेगळ्या पानावर असते. या ठिकाणी व्हीपीएनचं नाव दिसायला नको. नोटिफिकेशन ॲक्सेस दिला की ओटीपीचे संदेशही त्या ॲपच्या वाचनात येऊ शकतात. एकच सूट द्यायची ती बॅटरीची: व्हीपीएनला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ ठेवा, आणि शाओमी, विवो, ओप्पोसारख्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करा. ही सूट नसेल तर फोन बॅटरी वाचवायला ॲप गुपचूप मारतो, व्हीपीएन चालू असल्याचं वरच्या पट्टीतलं चावीचं चिन्ह जातं आणि नेट उघडं चालू राहतं.

उरली ती परवानगी, जी कुणी विचारत नाही आणि बंदही करता येत नाही. काही ॲप्स व्हीपीएनच्या बाहेर ठेवायची सोय देण्यासाठी व्हीपीएनला फोनमधल्या सगळ्या ॲप्सची यादी वाचावी लागते. अँड्रॉइड ११ पासून त्यासाठी ॲपला तशी जाहीर नोंद करावी लागते, पण तुमच्यासमोर चौकट येत नाही. ती पाहायला प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर ‘अबाउट धिस ॲप’ उघडा, तळाशी ‘ॲप पर्मिशन्स’मध्ये ‘क्वेरी ऑल पॅकेजेस’ लिहिलेलं असेल. कर्जाची तीन ॲप्स, मधुमेहाचं एक, नोकरी शोधण्याची दोन: नुसती यादीही बोलकी असते. कारण खरं असू शकतं, म्हणून ही नोंद दिसली की ॲप बाद, असं आम्ही म्हणणार नाही. पण त्याच यादीत जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांकही, म्हणजे ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’ मागितलेला असेल, तर दोन्ही मिळून काय तयार होतं ते ओळखा. त्या पानावरचा ‘डेटा सेफ्टी’ हा भाग कंपनीने स्वतः भरून दिलेला असतो, त्याला तेवढंच वजन द्या.

प्रश्न : जाहिराती अडवणारं ॲप टाकल्यापासून व्हीपीएन आपोआप बंद पडतं. व्हीपीएन चालू केलं की जाहिराती परत येतात. एकदा तर व्हीपीएन बंद केल्यावर इंटरनेटच गेलं. (नागपूर)

तिन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात. जाहिराती अडवणारी आणि ॲप्सचं नेट बंद करणारी बरीच ॲप्स व्हीपीएनचीच परवानगी वापरतात. तुमचा डेटा ती बाहेरच्या सर्व्हरवर नेतीलच असं नाही, पुष्कळदा फोनच्या आतच गाळतात, पण अँड्रॉइडच्या लेखी ती व्हीपीएनच. एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. दुसरं सुरू झालं की पहिल्याची जोडणी तुटते.

यावर उपाय म्हणजे जाहिरातींचं काम ‘प्रायव्हेट डीएनएस’कडे द्या. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये ही सोय आहे. जाहिराती गाळणाऱ्या डीएनएस सेवेचं यजमान-नाव तिथे भरलं की व्हीपीएनची जागा मोकळी राहते आणि एका ॲपवरचा एवढा मोठा विश्वासही वाचतो. यूट्यूबच्या आतल्या जाहिराती मात्र याने जात नाहीत.

नेट गेलं ते ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’मुळे. दातेरी चाकाच्या त्याच पानावर ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि त्याखाली हा खटका असतो. तो चालू असेल तर व्हीपीएन बंद म्हणजे इंटरनेट बंद, आणि तसंच व्हायला हवं. हीच त्याची चाचणीही आहे: दोन्ही खटके चालू करा, ॲपमध्ये जाऊन ‘डिस्कनेक्ट’ दाबा, ब्राउझरमध्ये एखादी नवी साइट उघडा. ती उघडली, तर कुलूप लागलेलं नाही. हे कुलूपही शंभर टक्के नाही: २०२२ मध्ये मुलवाड या व्हीपीएन कंपनीने दाखवून दिलं की नेट चालू आहे का हे तपासणारी अँड्रॉइडची स्वतःची छोटी विनंती तेव्हाही व्हीपीएनच्या बाहेरून जाते. रोजच्या वापरात त्याने फरक पडत नाही.

आणखी दोन गळत्या तपासा. व्हीपीएन सुरू करण्याआधी आणि नंतर ‘माझा आयपी’ दाखवणारी साइट उघडा आणि आयपीव्ही-४ (आयपी पत्त्यांची जुनी पद्धत) सोबत आयपीव्ही-६ चा (नवी पद्धत) पत्ताही बदलला का ते पाहा. जिओच्या जाळ्यावर आयपीव्ही-६ सर्रास वापरात आहे, त्यामुळे निम्मं झाकलं आणि निम्मं उघडं असा प्रकार होऊ शकतो. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओसह काही संस्थांच्या संशोधकांनी २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲप्स तपासली होती. त्यांतली ८४ टक्के आयपीव्ही-६ चा डेटा बाहेर सोडत होती, १८ टक्के तर काहीच कुलूपबंद करत नव्हती. आकडे जुने आहेत, तपासायच्या जागा त्याच आहेत. दुसरी गळती हॉटस्पॉटची: फोनवर व्हीपीएन चालू असलं, तरी त्याच्या हॉटस्पॉटवर जोडलेला लॅपटॉप अँड्रॉइडमध्ये सहसा व्हीपीएनच्या बाहेरूनच जातो.

प्रश्न : आयफोनवर व्हीपीएन बंद केलं की क्षणात परत चालू होतं. ॲप काढलं तरी सेटिंग्जमध्ये व्हीपीएनचं एक नाव उरलंच आहे. (मडगाव)

परत चालू होतं ते ‘कनेक्ट ऑन डिमांड’मुळे. सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट, व्हीपीएन असं जा, नावापुढच्या ‘आय’ या खुणेवर बोट ठेवा आणि तो खटका आधी बंद करा, मगच व्हीपीएन. ॲपमध्ये ‘ऑटो कनेक्ट’ असेल तर तेही बंद करा, नाहीतर ॲप तो खटका परत चालू करतं. ‘अमुक वायफायवर चालू, तमुकवर बंद’ हा नियम आयफोनमध्ये यंत्रणा स्वतः पाळू शकते, तेव्हा एवढ्यासाठी लोकेशन देण्याची गरज नसते.

ॲपने बनवलेली जोडणी ॲपबरोबर जायला हवी. उरली असेल तर ती बहुधा वेगळ्या ‘प्रोफाइल’मधून आलेली आहे: ऑफिसने, कॉलेजने किंवा एखाद्या साइटने डाउनलोड करायला लावलेली फाइल. त्याच पानावर खाली प्रोफाइल दिसेल. ऑफिसचं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय काढू नका, मेल बंद पडेल. ओळखीचं नसेल तर लगेच काढा, आणि मग जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज हे पान बघा. प्रमाणपत्र म्हणजे समोरची साइट खरी आहे हे फोनला पटवणारी फाइल. तिथे अनोळखी प्रमाणपत्र चालू असेल, तर बँकेच्या मजकुराचं पहिल्या उत्तरात सांगितलेलं कुलूपही उघडतं, म्हणजे कुलूपबंद मजकूरसुद्धा मधल्या मध्ये वाचता येतो. जानेवारी २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या ‘फेसबुक रिसर्च’ या ॲपची पद्धत हीच होती: व्हीपीएन अधिक प्रमाणपत्र, आणि वापरणाऱ्याला महिना वीस डॉलरपर्यंत मोबदला. अँड्रॉइडमध्ये हे पान सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ नावाने आहे. त्यातला ‘युजर’ हा रकाना साधारणपणे रिकामाच असायला हवा.

प्रश्न : मुलगा दुबईला असतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लागत नाही म्हणून तो मला इथे व्हीपीएन टाकायला सांगतो. टाकू का? (रत्नागिरी)

नको, काकू. कॉल अडतो तो अमिरातीतल्या नेटवर्कवर, तुमच्या फोनवर व्हीपीएन टाकून तो लागणार नाही. उगाच एका ॲपला सगळा डेटा दाखवाल. तुमच्या मुलाने तिकडे व्हीपीएन वापरून अडवलेली सेवा चालवणं तर त्यालाच महागात पडू शकतं: आयपी पत्ता लपवून गुन्हा करणं किंवा तो उघडकीला येऊ न देणं यासाठी तिथल्या २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यात पाच ते वीस लाख दिरहॅमपर्यंत दंड आहे. कंपनीच्या कामासाठी कंपनीचं व्हीपीएन ही गोष्ट वेगळी. त्याला बोटिम किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्ससारखं तिथे परवानगी असलेलं ॲप वापरायला सांगा आणि तेच तुमच्या फोनवर टाका.

प्रश्न : भारतात व्हीपीएनवाल्यांना आमची नावं सरकारसाठी ठेवावी लागतात म्हणे. मग ‘नो लॉग्ज’ला, म्हणजे ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ या दाव्याला अर्थ काय? (पुणे)

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते, वापराचा हेतू इत्यादी पाच वर्षं जपून ठेवायचं आहे. कर्मचाऱ्यांसाठीची कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन यातून वगळली आहेत. यानंतर एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर हटवले. ॲपमध्ये ‘इंडिया’ दिसतं तेव्हा तो सर्व्हर पुष्कळदा सिंगापूरसारख्या ठिकाणी असतो आणि पत्ता तेवढा भारताचा दाखवतो. व्हीपीएन वापरणं मात्र या निर्देशांनी गुन्हा ठरलेलं नाही. ‘नो लॉग्ज’ हा शब्द जाहिरातीतला आहे. त्यामागे बाहेरच्या संस्थेने केलेली तपासणी आणि तिचा जाहीर अहवाल असेल तरच तो धरून चाला.

प्रश्न : वाहतूक चलनाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) व्हॉट्सॲपवर आली. घाईत टाकली. तिने एसएमएस आणि नंतर व्हीपीएनची परवानगी मागितली, दोन्ही दिल्या. आता काय करू? (नाशिक)

चलन पाहायला ना एसएमएस लागतो, ना व्हीपीएन. ही जोडी ओटीपी पळवणाऱ्याची आहे. व्हीपीएन हातात असलं की ते ॲप फोनमधली कोणतीही जोडणी अडवू शकतं, गुगलच्या प्ले प्रोटेक्टची तपासणीसुद्धा.

आधी विमान मोड लावा आणि वायफायही बंद आहे ना, ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. मग फोनमध्ये या क्रमाने: व्हीपीएनच्या पानावर ‘फर्गेट’, ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि डिव्हाइस ॲडमिन यांतून त्या ॲपचं नाव काढा, एसएमएसचं मुख्य ॲप तुमचं नेहमीचंच आहे ना, ते पाहा, शेवटी अनइन्स्टॉल. क्रम उलटा केला तर ‘अनइन्स्टॉल’चं बटण मंद दिसतं, कारण डिव्हाइस ॲडमिन अजून चालू असतो. ॲपचं चिन्ह मेनूत दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा, ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरून सेफ मोडमध्ये फोन सुरू केला तर काम सोपं होतं. शंका उरली तर फोटो वेगळे काढून फॅक्टरी रीसेट करा. पासवर्ड आणि यूपीआय पिन त्यानंतर बदला, आधी नाही.

प्रश्न : प्ले स्टोअरवर काही व्हीपीएनपुढे ‘व्हेरिफाइड’ असं चिन्ह दिसतं. ते पुरेसं आहे का? (सोलापूर)

जानेवारी २०२५ पासूनचं हे चिन्ह आहे. ॲपची स्वतंत्र सुरक्षा तपासणी झालेली, किमान दहा हजार वेळा उतरवलेलं, २५० परीक्षणं असलेलं आणि ९० दिवस तरी स्टोअरवर असलेलं ॲप त्यासाठी पात्र ठरतं. नवख्या भामट्यांना गाळायला चाळणी बरी आहे. पण ती तपासणी ॲपची असते, सर्व्हरवर काय साठवलं जातं याची नाही. एक व्यवहाराची गोष्ट: चाचणी म्हणून घेतलेलं व्हीपीएन नुसतं अनइन्स्टॉल केलं तर वर्गणी चालूच राहते. प्ले स्टोअरमध्ये तुमच्या चित्रावर बोट ठेवून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मधून ती वेगळी रद्द करावी लागते. वर्गणी ॲपच्या साइटवर भरली असेल तर तिथे जाऊन रद्द करा आणि यूपीआयवरून लावलेली असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमधला ‘ऑटोपे’ही तपासा.